पापणीच्या इमारती

साखरचौथीच्या सकाळी गणपती घरात आला, तो नेहमीप्रमाणे डोळ्यांवाचून.

म्हात्र्यांच्या घरी यात कुणाला काही वावगं वाटत नसे. भाद्रपदात गावोगावचे गणपती पेणचे कारखाने करतात. दुसऱ्यांच्या देवांना सोंडा लावता लावता स्वतःचा देव आणायला सवड कुणाला? म्हणून इथले कारागीर आपला गणपती पंधरवड्याने, संकष्टीला येणाऱ्या साखरचौथीला बसवतात. काळुराम म्हात्र्यांनी कारखाना सोडून आर्किटेक्टची पाटी लावली त्याला एक जन्म लोटला, पण चौथ त्यांनी सोडली नाही. मूर्ती कोऱ्या डोळ्यांची आणायची आणि डोळ्यांची आखणी घरी करायची, ही त्यांच्या बायकोची, पुतळीबाईंची रीत. त्या असेपर्यंत त्या करायच्या. त्या गेल्यावर काळुराम करत आले.

या वर्षी त्यांनी ब्रश रंगात बुडवला, हात मूर्तीसमोर नेला, आणि हात चालू रिक्षाच्या आरशासारखा थरथरू लागला. त्यांनी तो खाली घेतला, झटकला, पुन्हा वर नेला.

"भावजी, गंधाच्या जागी डोला काढाल," पाटावर बसलेल्या धोंडुबाई म्हणाल्या. त्या पुतळीबाईंची धाकटी बहीण. दोघी बहिणींनी एकाच कारखान्यात आखणी केली होती आणि एकाच मालकाच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

"थांब गो. हात गरम व्हायचा हाय."

"मागच्या साली पन गरमच व्हत व्हता."

काळुरामांनी ब्रश पाण्यात उभा केला. "चंद्र निघायच्या आत काढायचे आहेत ना? काढतो."

एवढं बोलून ते खिडकीपाशी जाऊन बसले. भटजींना संध्याकाळचं सांगितलं होतं. आंधळ्या गणपतीची प्रतिष्ठा कुठलाच भटजी करणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

ज्या खिडकीपाशी ते बसले, तिच्यावर पापणी होती.

पापणी म्हणजे छज्जा. पेण आणि रोह्यात 'म्हात्रे आणि मंडळी'ची इमारत ओळखायला पाटी वाचावी लागत नाही. प्रत्येक फ्लॅटला रस्त्याच्या बाजूने दोन मोठ्या खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीवर काँक्रीटची वळवलेली पापणी. चार मजले असोत नाहीतर अकरा, अख्खी इमारत तुमच्याकडे बघत असते. रिक्षावाले पत्ता ऐकतानाच विचारतात, "उघडी का झोपलेली?" कारण सुरुवातीच्या इमारतींच्या पापण्या वर होत्या आणि पुढे पुढे त्या खाली येत गेल्या. धाटावच्या रस्त्यावरचा शेवटचा टॉवर तर रात्रपाळी करून आलेल्या कामगारासारखा दिसतो. मुंबईच्या एका मासिकाने यावर चार पानं छापली होती आणि या शैलीला 'उत्तरोत्तर अंतर्मुख' म्हटलं होतं. तो अंक काळुरामांनी फ्रेम करून ऑफिसात लावला. लेख वाचला नाही, पण फोटो पुष्कळ वेळ बघितले.

सुरुवात पुतळीबाईंची होती, हे घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. रोह्याच्या अष्टमी भागातली, त्यांची पहिली इमारत. दर्शनी बाजूचा नकाशा जमिनीवर पसरलेला. पुतळीबाई भात निवत ठेवून आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "ह्ये आंधलं दिसतंय." मग आखणीचा ब्रश आणून त्यांनी एकेका चौकोनावर पापणी ओढली. काळुरामांनी ती मिस्त्र्याकडून तशीच्या तशी ओतून घेतली. पुढे सात वर्षांनी त्याच इमारतीतल्या घरात त्या तापाने गेल्या. काळुराम दोन पोरं घेऊन पेणला आले आणि अष्टमीच्या त्या गल्लीत पुन्हा पाऊल ठेवलं नाही. रोह्यातल्या साइटवर ते जात, पण गाडी लांबून घ्यायला लावत. इमारती मात्र त्यांनी सगळ्या तिच्या पापणीच्या बांधल्या.

*

काळुरामांच्या मुलाच्या, जगनच्या मते आजचा दिवस बोलायला बरा होता. सण असला की बाबा ओरडत नाहीत.

त्याने बहिणीला पुण्याहून बोलावलं होतं ते याचसाठी. सगुणाही आर्किटेक्ट. बापाच्या ऑफिसात तिने दीड वर्ष काढलं आणि एका पापणीवरून सोडलं. तेव्हापासून ती सणाला येई, जेवे, आणि इमारतींबद्दल हवामानाइतकंच बोले.

"हैबतराव जेवायला येतायत," जगन तिला गॅलरीत म्हणाला. "रोह्याचा चौदा मजल्यांचा टॉवर बांधणारे. त्यांना पापणी नकोय. सपाट पाहिजे, काचेचा. आणि सगुणा, खरं सांगू का, मलाही नकोय."

"मग बाबांना सांग."

"मी सांगितलं की त्यांना वाटतं मी आईला नको म्हणतोय."

"आणि मी सांगितलं की काय वाटेल?"

"तू सांगितलंस की त्यांना वाटेल, ही आलीच होती भांडायला. पण ऐकतील."

सगुणा हसली. "दादा, मला आखणीला बोलावलंस असं वाटलं होतं मला."

खरं म्हणजे हे जगनच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाबांचा हात थरथरतो आहे हे त्याला दोन वर्षं दिसत होतं. पण बाबांच्या ऐवजी कुणीतरी ब्रश धरेल, असा विचार त्याने अजून केला नव्हता. तो केला की पुढचे बरेच विचार करावे लागले असते.

स्वयंपाकघरात मैना, जगनची बायको, सारणात वेलची घालत होती. ती खांब गावची, भातशेतीवाल्या घरातली. लग्न होऊन पापणीखाली आली. सगुणा आत येताच ती दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, मी तुमच्या बाजूची."

"माझी कुठली बाजू?"

"जी असंल ती. मला उजेड पायजे. दिवसा दिवा लावून भाजी निवडते मी. आणि दर संकष्टीला ताट घेऊन गच्चीत जायचं. समोरच्या डोंगरावरून चंद्र सुटेपर्यंत तो आपल्या पापणीच्या वर गेलेला असतो. खिडकीतून एकदा तरी दिसलाय? अख्ख्या बिल्डिंगच्या बायका उपाशीपोटी जिना चढतात. लिफ्टमध्ये मावत नाहीत म्हणून."

"बाबांना सांगितलंस कधी?"

"सासूबाईंच्या पापणीला कोण बोलणार? मी त्यांना बघितलं पण नाय. फोटोतल्या माणसाशी भांडता येत नाय, ताई."

*

हैबतराव बिल्डर कबूल केल्यापेक्षा लवकर आले. रोह्याकडचा भातशेतीवाला माणूस. जमिनी विकत विकत त्या घ्यायला लागला होता. त्यांनी मूर्तीला नमस्कार केला, मग तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि जरा मागे सरकले.

"डोळे राहिलेत," काळुराम म्हणाले. "बसा."

जेवणात डाळिंब्यांची उसळ होती. तिसऱ्या वाढपापर्यंत पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग हैबतरावांनी मोबाइल पाटावर ठेवला. पडद्यावर चौदा मजल्यांची काच चमकत होती. खालच्या फूटपाथवर रोह्यात कधीच न दिसणारी माणसं कुत्री फिरवत होती.

"साहेब, तुमची पापणी लई नावाजलेली. पण आता धाटावच्या कारखान्यांत साहेब लोक येतात, त्यांना व्ह्यू पायजे. कुंडलिका नदी दिसली पायजे. पापणी मधी येते."

"कुंडलिका बघायला काय करायचंय?" काळुराम म्हणाले. "पूर आला की येतेच की घरी."

हैबतराव मोठ्याने हसले. जगनने घास चावायचा थांबवला. सगुणाला वाटलं, आत्ता बोलावं. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात हैबतराव काळुरामांना बरं वाटावं म्हणून म्हणाले, "आणि जुन्या बिल्डिंगची आठवण म्हणून नाव तेच ठेवणार आपण. तुमची पहिलीच ना ती? मला जगनशेठनी सांगितलं. भाडेकरू गेले सगळे. सोमवारी पाडायला सुरुवात."

मैना वाढण्याचा डाव हातात घेऊन उभीच राहिली.

"कुठली?" काळुराम म्हणाले.

"अष्टमीची."

काळुरामांनी जगनकडे बघितलं. जगन भाताकडे बघत होता. "तुम्ही म्हणाला होतात 'अष्टमीजवळची एक जुनी'," काळुराम मुलाला म्हणाले. रागावले की ते मुलाला अहो-जाहो करत.

"तुम्ही विचारलं नाहीत, बाबा."

"नाही विचारलं," काळुराम म्हणाले. त्यांनी ताकाची वाटी उचलली. ताक सांडलं. त्यांनी ते पाटावर सांडू दिलं. "हैबतराव, गाडी आहे ना तुमची?"

"हाय की."

"जेवण झालं की निघू."

"बाबा, संध्याकाळी पूजा आहे," जगन म्हणाला.

"तोवर येतो. डोळे तिथेच आहेत तिचे. बघून येतो आणि काढतो. समोर असले की हात थांबेल." ते सगळ्यांकडे वळले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच विनवणी होती. "एवढी वर्षं मी आठवणीने काढतोय. एकदा बघून काढू दे."

*

गाडीत पुढे काळुराम, मागे जगन, सगुणा आणि धोंडुबाई. धोंडुबाईंना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या आधीच बसल्या होत्या.

वडखळ, नागोठणे मागे पडलं. काळुराम खिडकीतून बाहेर बघत होते. मध्येच म्हणाले, "ती खिडकीत उभी राहायची. मी साइटवरून आलो की वर बघायचो आणि कळायचं नाही, इमारत बघतेय का ती."

"आमची बहीन व्हती, मनोरा नव्हता," धोंडुबाई म्हणाल्या. मग पदराने डोळा पुसला. तो बाहेरच्या धुळीमुळे, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

सगुणा वडिलांच्या मानेकडे बघत होती. तिला आठवत होतं, लहानपणी ऑफिसात ती टेबलाखाली बसायची आणि वर बाबा जुन्या नकाशावर कोरा पारदर्शक कागद ठेवून पापणी गिरवायचे. पहिला नकाशा वाळवीने खाल्ला, तेव्हा दुसऱ्यावरून तिसरा गिरवला. तिसऱ्यावरून चौथा. गिरवताना दर वेळी रेघ पेन्सिलीच्या जाडीभर खाली यायची. तिने मोठी झाल्यावर एकदा विचारलं होतं, "बाबा, पापणी थोडी वर घेऊ?" ते म्हणाले होते, "तिच्या रेघेला हात लावायचा नाही." त्यावरून तिने ऑफिस सोडलं. पुढे कॉम्प्युटर आला, गिरवणं बंद झालं आणि इमारतींचे डोळे मिटायचे थांबले. तोवर एक फट उरली होती.

तिला हे गाडीत सांगता आलं असतं. वडिलांचा हात मांडीवर शांत पडला होता. सकाळपासून पहिल्यांदा.

अष्टमीच्या गल्लीत गाडी थांबली. इमारतीवर वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी होती. खाली वॉचमन शिवा खुर्चीत डुलत होता. मालक दिसताच तो उठून उगाच शिट्टी वाजवून मोकळा झाला.

"जाळी सोड रे पुढची," हैबतराव म्हणाले.

"साहेब, बांधायला दोन दिवस लागले."

"सोड म्हणतो ना."

शिवाने वर जाऊन दोऱ्या सोडल्या. जाळी आधी एका कोपऱ्यातून लोंबली, मग सगळी एकदम घसरून खाली आली. धूळ उडाली. सगळे खोकले. मग सगळ्यांनी वर बघितलं.

चार मजले. रंग उडालेला, गंजाचे ओघळ, एका खिडकीत कुणाचंतरी तुळशीचं डबडं राहिलेलं. आणि पापण्या. सगळ्या वर. इमारत टक्क जागी होती. डावी पापणी उजवीपेक्षा वर, प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक जोडीत. काहीतरी विचारता विचारता थांबलेल्या बाईसारखी ती रस्त्याकडे बघत होती.

हैबतरावांना वाटलं पाया पडायचं असतं की काय, म्हणून त्यांनी चप्पल काढली आणि कुणी पडत नाही असं बघून परत घातली.

"ही नव्हे," काळुराम म्हणाले.

"हीच, बाबा," जगन म्हणाला.

"तिचे डोळे असे नव्हते. तिचे..." त्यांनी हवेत रेघ ओढली. खालच्या अंगाने, झुकलेली, निवांत. पेणच्या, रोह्याच्या, धाटावच्या सगळ्या इमारतींवर होती तशी.

"भावजी," धोंडुबाई म्हणाल्या, "पुतली कवा झोपंला आलेली दिसली तुमाला? मालक वरडायचा तिच्यावर. 'पुतले, तुजा गनपती डाव्या डोल्यानं दटावतो, गिऱ्हाईक घेत नाय.' ती म्हनायची, देवानं बघाया नको तर काय निजाया आनलाय घरात? ह्ये तिचंच हाय. पलीकडचं समदं तुमचं."

काळुराम वर बघत राहिले. सगुणाने त्यांचा दंड धरला. जगननेही दुसरा धरला, आणि बऱ्याच वर्षांनी दोघं भावंडं एका बाजूची झाली. पण ती बाजू कुठली हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"त्या वरच्या खिडकीतून," काळुराम अखेर म्हणाले, "ती चंद्र बघायची. ताट घेऊन. घरातल्या घरात." मग त्यांनी हळूच विचारलं, "मी विसरलो का रे तिला?"

सगुणा म्हणाली, "तुम्ही गिरवत राहिलात, बाबा."

हैबतराव खाकरले. सौदा हातचा जाताना ते ओळखत. "साहेब, तुम्ही म्हणाल तर पापणी घालू. अशी उघडी. चौदाही मजल्यांना. खर्चाचं बघू."

जगन पुढे झाला. "हो बाबा. हिचं माप घेऊन. मी उद्याच माणसं पाठवतो."

काळुरामांनी मान हलवली. "माप घेऊन पुन्हा गिरवणार. सपाट ठेवा. काच लावा." ते गाडीकडे वळले. मग थांबून शिवाला म्हणाले, "जाळी नको बांधूस. सोमवारपर्यंत बघू दे तिला."

*

पेणला पोचले तेव्हा दिवे लागले होते आणि भटजी घड्याळाकडे बघत चहा पीत होते. सासऱ्यांचा चेहरा बघून मैनाने पाण्याचा तांब्या पुढे केला.

काळुरामांनी ब्रश पाण्यातून काढला, पुसला आणि सगुणाकडे धरला.

"मी नाही काढलेत कधी," ती म्हणाली.

"म्हणूनच."

"कसे काढू?"

"मी सांगणार नाही. मी सांगितलं की काय होतं ते बघितलंस."

जगनने समई उचलून मूर्तीच्या तोंडाशी धरली. सगुणाचा पहिला फटकारा भुवईपासून सुरू झाला आणि मध्येच थांबला. तिने ओठ चावला आणि तो न पुसता पुढे नेला. उजवा डोळा जरा मोठा झाला, डावा गोल. आईचे नव्हते. बापाचे तर नव्हतेच. काळुराम भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"धोंडे, तिच्यासारखे झाले?"

"नाय," धोंडुबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुढे-मागे केला. "पन जागं हाय."

भटजींनी घाईने मंत्र म्हटले. आरती झाली. बायकांची ताटं तयार होती. काळुरामांनी मैनाच्या हातातलं ताट घेतलं आणि ते दिवाणखान्याच्या मोठ्या खिडकीपाशी गेले. त्यांनी मान वाकवली, मग गुडघे वाकवले, मग खिडकीला गाल लावून वर बघितलं. वर पापणीची पोटाकडची बाजू होती. तिच्या कडेला उजेड होता.

"इथून चंद्र दिसत नाही," ते म्हणाले.

"नाय दिसत, बाबा," मैना म्हणाली.

"कधीपासून?"

मैनाने जगनकडे बघितलं, सगुणाकडे बघितलं. दोघांनीही तिला सोडवलं नाही.

"मी आल्यापासून."

काळुराम गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश सरळ झाले. ताटातला दिवा थरथरत होता, पण विझला नव्हता.

"मग तुम्ही काय करता?"

"वर जातो," मैना म्हणाली, आणि तिने दार उघडून धरलं. जिन्यावरून दुसऱ्या मजल्यांच्या बायका, हातात ताटं घेऊन, आधीच चढत होत्या. म्हातारा आर्किटेक्ट ताट घेऊन त्यांच्या रांगेत लागला, तशा त्यांनी त्याला भिंतीकडून वाट करून दिली.